माफीआधीचा हिशेब

२२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्रीनंतर ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात, मनोहरपूर नावाच्या खेड्यात, जमावाने एका गाडीला आग लावली. गाडीत ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा, टिमथी सहा वर्षांचा. तिघेही जळून मेले. मूळचे ऑस्ट्रेलियाचे स्टेन्स १९६५ पासून बारिपाद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना आपण क्षमा केली असल्याचे जाहीर केले आणि ती बातमी देशभर गेली. इकडे तपास सीबीआयकडे गेला, खटला उभा राहिला. २००३ मध्ये विशेष न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंग याला फाशी सुनावली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, असे ग्लॅडिस यांनी २००३ च्या निकालानंतर सांगितले होते. क्षमेच्या बातमीला जितकी जागा मिळाली, तितकी या वाक्याला मिळाली नाही.

अनेकांना या भूमिकेत विसंगती वाटते. माफ केले म्हणता, तर खटला कशाला? आणि खटला चालू द्यायचा, तर माफी कसली? क्षमा म्हणजे ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून विषय संपवणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे हे प्रश्न पडणे साहजिक आहे. ख्रिस्ती विचारातली क्षमा मात्र जवळजवळ उलट टोकाकडून निघते. अपराध गंगेला सोडण्याआधी तो पूर्ण रकमेनिशी वहीत मांडला जातो. मग ज्याचे येणे आहे तो माणूस स्वतःपुरती सुडाची वसुली सोडून देतो. त्याने न्यायालयाचे काम थांबत नाही आणि तुटलेले नातेही आपोआप जुळत नाही. क्षमा, न्याय आणि समेट ही तीन वेगवेगळी कामे आहेत, असे माझे म्हणणे आहे. त्यांची सरमिसळ झाली की क्षमा एक तर अशक्य वाटू लागते, नाही तर अन्यायाच्या सोयीची होऊन बसते.

या विचाराचा मुख्य आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय. पेत्र विचारतो, भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू? सात वेळा पुरे का? सात हा आकडा पेत्राच्या मते उदारच असणार. येशू त्याला सात वेळा नव्हे तर सत्तर वेळा सात असे सांगतो. हा आकडा ऐकणाऱ्या यहुदी माणसाला उत्पत्तीच्या पुस्तकातला लामेख आठवल्याशिवाय राहिला नसेल. आपल्याला जखम करणाऱ्या तरुणाला ठार मारून हा लामेख बायकांपुढे फुशारकी मारतो, की काइनाचा सूड सातपट, पण माझा सत्त्याहत्तरपट. मोजदादीच्या पलीकडे गेलेल्या सुडाला तितकीच बेमोजदाद क्षमा, असा हा जबाब आहे. त्यानंतर लगेच दृष्टान्त येतो. राजाचा एक चाकर दहा हजार टॅलेंट देणे लागतो. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी! राजा सगळी माफ करतो. बाहेर पडताच तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

या दृष्टान्तावरच्या प्रवचनांत भर असतो तो पहिल्या कर्जाच्या अफाटपणावर. तो योग्यच आहे. स्वतः सूट घेतलेल्याने दुसऱ्याला सूट द्यावी, हे ख्रिस्ती क्षमेचे मूळ कारण आहे आणि प्रभूच्या प्रार्थनेत तेच दर रविवारी म्हटले जाते. पण दुसऱ्या कर्जाकडेही नीट पाहायला हवे. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. हातावर पोट असलेल्या घरासाठी ही तीन महिन्यांहून अधिक दिवसांची भाकरी झाली. येशूला क्षुल्लक रक्कम घ्यायची असती तर दोन दिनारांवर भागले असते. म्हणजे तुझ्यावर झालेला अन्याय किरकोळ आहे, सोडून दे, असे दृष्टान्त म्हणत नाही. येणे खरे आहे, त्याची झळ खरी आहे, आणि तरीही सोडायचे आहे. याच अध्यायात पेत्राच्या प्रश्नाच्या थोडे आधी आणखी एक सूचना आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याचा दोष त्याला दाखव. ऐकले नाही तर एकदोघांना साक्षीला ने. तेही मानले नाही तर मंडळीपुढे ठेव. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका समज. गप्प बसून सोसण्याचा सल्ला यात कुठेही नाही. क्षमेला मर्यादा न घालणारा अध्याय अपराध्याला जाब विचारण्याची इतकी शिस्तशीर पद्धत घालून देतो, ही गोष्ट नजरेआड झाली की क्षमेचे चित्र अर्धेच राहते.

न्यायाचे काय, याचे उत्तर पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो बजावतो, की सूड उगवू नका, ते देवावर सोडा, भुकेल्या शत्रूला जेवू घाला. तेराव्याच्या सुरुवातीला तो म्हणतो, की राज्यकर्त्याच्या हाती तलवार उगाच दिलेली नाही. वाईट करणाऱ्याला शासन करणे हे त्याचे काम आहे. अध्यायांची विभागणी शेकडो वर्षांनंतरची आहे. मूळ पत्रात हा मजकूर सलग आहे. हातातली तलवार खाली ठेवणारा आणि ती चालवण्याची जबाबदारी असणारा हे दोघे एकाच विचारात पौलाला दिसतात. विधवा आणि माता म्हणून स्वतःच्या मनातला सूड सोडणे ग्लॅडिस स्टेन्स यांच्या हाती होते. दुसऱ्या कोणाच्या लेकरांवर हीच वेळ येऊ नये म्हणून गुन्हेगाराला पकडणे, पुरावा तपासणे आणि शिक्षा ठरवणे हे शासन आणि न्यायालयाचे काम होते. ग्लॅडिस यांची भूमिका विसंगत नव्हती. ती पौलाच्या या दोन परिच्छेदांना धरून होती.

संताप येणे हेच पाप आहे, असा एक समज भाविकांमध्ये दिसतो. जोसेफ बटलर या इंग्रज धर्मगुरूने १७२६ मध्ये लंडनमधली आपली प्रवचने प्रसिद्ध केली. त्यांत एक प्रवचन संतापावर आहे आणि त्याला लागूनच दुसरे क्षमेवर. त्याच्या मते अन्याय पाहून उसळणारी चीड माणसाच्या स्वभावातच आहे आणि ती नसती तर समाजाला अन्यायाचा प्रतिकार करता आला नसता. बिघाड पुढे सुरू होतो. न झालेला अपमान झाला असे धरून चालणे, झालेला अपराध आहे त्याहून मोठा करणे, आणि समोरच्याला दुखावण्यातच समाधान शोधणे ही त्या बिघाडाची लक्षणे. क्षमा या अतिरेकाला आवरते. इफिसकरांस पत्रातला उपदेशही याच वळणाचा आहे. रागवा, पण पाप करू नका, आणि रागावर सूर्य मावळू देऊ नका. म्हणजे रागाला दिवस दिला आहे, मुक्काम दिलेला नाही. मुक्कामाला राहिलेल्या रागाचा डूख होतो.

मनात डूख धरून ठेवणाऱ्याच्या शरीराचे काय होते, हेही आता मोजून पाहिले गेले आहे. मिशिगनमधल्या होप कॉलेजात शार्लट विटव्हलिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला दुखावणारी एखादी खरी व्यक्ती प्रत्येकाने आठवायची होती. काही वेळ तो प्रसंग मनात घोळवत अढी जोपासायची आणि काही वेळ त्याच व्यक्तीला समजून घेऊन माफ करण्याची कल्पना करायची. अढीच्या वेळी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब अधिक वाढले, त्वचेवरचा घाम वाढला, भुवयांचे स्नायू अधिक आवळले गेले. समोर शत्रू नव्हता, प्रसंग जुना होता, तरी शरीर आजच्या भांडणाला उभे राहिले होते. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी क्षमेचा टप्प्याटप्प्याने करायचा अभ्यासक्रम तयार केला. त्याची स्वतः सोडवायची कार्यपुस्तिका कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, युक्रेन, इंडोनेशिया आणि हाँगकाँग इथल्या साडेचार हजारांहून अधिक लोकांना देऊन पाहिली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत अढी कमी झाली आणि नैराश्य व चिंतेची लक्षणेही घटली.

ही माहिती उपयोगी आहे, पण तिच्यावर सगळी इमारत उभी करणे धोक्याचे. रक्तदाब उतरतो म्हणून माफ करा, एवढेच सांगितले तर समोरचा माणूस चित्रातून नाहीसा होतो आणि उरतो फक्त माझा ताण. उद्या एखाद्याला सूड घेऊन शांत झोप लागली, तर त्याला काय सांगणार? ख्रिस्ती क्षमेत अपराधीही माणूस म्हणून गणला जातो. त्याने केलेले कृत्य त्याचेच, पण त्या कृत्याएवढाच तो आहे असे मानले जात नाही. आरोग्याचा लाभ होत असेल तर तो या भूमिकेच्या पाठीमागून येतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की क्षमेने अपराधी सोकावतो. तो खोटा म्हणून झटकता येणार नाही. जेम्स मॅकनल्टी या संशोधकाने नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षे अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्यांचा स्वभाव माफ करण्याचा होता, त्यांच्या जोडीदाराची मानसिक आणि शारीरिक आक्रमकता वर्षे गेली तरी तशीच राहिली. जे सहज माफ करत नव्हते, त्यांच्या जोडीदाराची कमी होत गेली. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ असे सांगणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हा निष्कर्ष वाचायला हवा. मात्र नेमके काय चुकले तेही पाहावे. जाब विचारण्याची पायरी गाळून आणि परिणाम टाळून केलेली तडजोड ही मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली क्षमा नव्हे. मनातला सूड सोडूनही बाई पोलिसांत तक्रार देऊ शकते, वेगळी राहू शकते. दाराला कडी लावण्यासाठी मनात वैर असावे लागत नाही.

समेटाला वेळ आणि पारख लागते, हे उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाच्या कथेत तपशिलाने दिसते. भावांनी त्याला विकले, तो मिसरात मोठ्या पदाला चढला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे आले. त्यांना उपाशी परत पाठवून उट्टे काढणे सहज शक्य होते. ते त्याने केले नाही, पण लगेच ओळखही दिली नाही. शिमोनाला अडकवून ठेवले, धाकट्या बन्यामीनाला आणायला लावले, त्याच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवला आणि चोरीचा आळ येऊ दिला. आता भाऊ काय करतात? धाकट्याला सोडून निघून जातात, की नाही? त्या वेळी पुढे होतो तो यहूदा, योसेफाला विकून टाकू असे सुचवणारा तोच. याच्याऐवजी मला गुलाम ठेवा, अशी विनवणी तो करतो. माणसे बदलली आहेत, हे कळल्यावरच योसेफाला रडू फुटते आणि तो आपले नाव सांगतो.

असा समेट झाल्याची एक घटना भारतातच आहे. मध्य प्रदेशात भूमिहीन मजुरांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धडपडणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे ख्रिस्ती धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पश्चात्ताप झालेल्या समंदरच्या सुटकेसाठी पुढे त्याच कुटुंबाने पाठिंबा दिला. २००६ मध्ये तो सुटला आणि नंतर केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. स्टेन्स प्रकरणापेक्षा हे वेगळे आहे. तिथे क्षमा झाली आणि न्याय झाला. इथे त्या दोन्हींबरोबर समेटही झाला, कारण समेटाला लागणारी दुसरी बाजू, म्हणजे अपराध्याचे बदललेले मन, इथे हजर होती. पश्चात्तापाआधी क्षमा करावी का, यावर ख्रिस्ती लेखकांत मतभेद आहेत. लूकाच्या शुभवर्तमानात एके ठिकाणी पश्चात्तापाची अट आहे, तर वधस्तंभावरचा येशू कोणी काही कबूल करण्याआधीच आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. मला त्यात विरोध दिसत नाही. सूड सोडणे एकट्याला जमते. नाते जोडायला दोघे लागतात, आणि अट लागू होते ती तिथे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? ज्यू कैदी सायमन वीझेन्थाल यांना छळछावणीत असताना एका मरणासन्न नाझी सैनिकाने ज्यू लोकांवरच्या अत्याचाराबद्दल माफी मागितली आणि ते काहीही न बोलता निघून आले. मेलेल्यांच्या वतीने क्षमा कशी करणार, ही त्यांची अडचण होती. दृष्टान्तातला राजाही स्वतःचे येणे सोडतो, दुसऱ्याचे नाही. हे तत्त्व चर्चनेच पायदळी तुडवल्याची उदाहरणे आहेत. बॉस्टनमध्ये मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले होते, हे २००२ मध्ये उघड झाले. त्या वर्षअखेरीस तिथले कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. असल्या पांघरुणाला दयेचे नाव द्यायचे, तर ती दुसऱ्याच्या वहीतल्या रकमेवर मारलेली काट होती, कारण मुलांच्या येण्यावर वरिष्ठांचा काडीचा हक्क नव्हता. दक्षिण आफ्रिकेत डेझमंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाकडे अभयासाठी ७,११२ अर्ज आले, त्यांपैकी ८४९ मंजूर झाले. पूर्ण कबुली ही तिथली अट होती, म्हणजे हिशेब आधी मांडावाच लागे. तरीही पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या अभयाला न्यायालयात विरोध केला. राज्याने दिलेले अभय आणि घरच्यांनी केलेली क्षमा एक नसतात, हे त्यांनी दाखवून दिले.

तिसरा आक्षेप सक्तीचा. तुम्ही क्षमा केली नाही तर तुम्हालाही क्षमा नाही, असे शुभवर्तमान बजावते. ही धमकी नव्हे का? हे शब्द उच्चारणारा कोण, यावर बरेच अवलंबून आहे. अपराध्याने किंवा त्याची पाठराखण करणाऱ्याने ते घायाळ माणसाला ऐकवले, तर ते दुसरा घाव होतात. स्वतःसाठी दया मागणाऱ्याने ते स्वतःलाच ऐकवले, तर तो सरळ तर्क आहे. आणि आज ज्याला जमत नाही, त्यालाही शास्त्रात जागा आहे. स्तोत्रसंहितेतले १०९ वे स्तोत्र शत्रूला दिलेल्या भयंकर शापांनी भरलेले आहे आणि १३७ व्याचा शेवट तशाच शापात होतो. तरीही ती स्तोत्रसंहितेतून काढली गेली नाहीत. सूड हवा असलेल्या माणसाने तो स्वतः न घेता देवापुढे ओरडून मांडला, तर त्याचा हात तरी रिकामा होतो. क्षमेकडे जाणारी ही पहिली पायरी आहे.

पुढच्या पायऱ्यांसाठी वर्दिंग्टन यांनी केलेला एक भेद उपयोगाचा आहे. क्षमेचा निर्णय एका दिवसात होऊ शकतो; भावना त्याच्या मागून येतात, कधी वर्षांनी. २ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स इथे आमिश पंथाच्या शाळेत एका माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मेल्या, आणि त्याने स्वतःलाही संपवले. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या घरच्यांचे सांत्वन करायला गेले. इतकी घाईची क्षमा खरी कशी, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. नंतर त्या समाजात जाऊन ज्यांनी अभ्यास केला, त्यांना तिथल्या लोकांनी दुःख संपल्याचे सांगितले नाही. क्षमा पुन्हा पुन्हा करावी लागते, असे सांगितले. सत्तर वेळा सात हा आकडा तितक्या वेगळ्या अपराधांसाठीच असेल असे नाही. एकच अपराध रात्री आठवतो, सणाच्या दिवशी आठवतो, कोर्टाच्या तारखेला आठवतो, आणि सोडलेली वसुली दर वेळी नव्याने सोडावी लागते.

म्हणून क्षमा करू पाहणाऱ्याने आधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. नेमके काय झाले आणि ते किती मोठे होते? यातले माझे येणे कोणते आणि दुसऱ्या कोणाचे? आणि जे माझे आहे, त्यात सूड किती आणि सुरक्षितता किंवा न्याय किती? सूड सोडायचा आहे. न्याय मागायचा हक्क आणि स्वतःला जपायची मोकळीक राखायला हरकत नाही, आणि समेटाचे दार अपराध्याच्या चालीवर उघडायचे. ‘मन मोठे कर’ या सल्ल्यापेक्षा हे काम कष्टाचे आहे. पण असा हिशेब मांडून केलेली क्षमा अपराध्याच्या सोयीची राहत नाही. ती ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्याच हातात राहते.